बाटलीच्या मानेवरची गाठ

नवऱ्याला नाही, लेकीला नाही, मातामायपुढे हात जोडून उभी असताना मनातल्या मनातसुद्धा नाही — हे माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून असेल. उद्या सकाळी तुम्ही माझ्या दारावरून जाणार नाही, ओसरीवर टेकून चहा मागणार नाही. तेवढं मला पुरे आहे.

एक आधीच सांगून ठेवते. मी गरीब स्वभावाची बाई नाही. डूख धरणारी आहे. लहान असताना माझ्या चुलतभावानं, डोमानं, माझ्या वाटणीची बोरं खाल्ली होती. मी त्याच्या चपलेत आठ दिवस रोज एक गोखरू ठेवत होते — एकच, म्हणजे त्याला वाटावं की वाटेतच लागला असेल. आई म्हणायची, या पोरीच्या पोटात अन्न जिरते, राग नाई जिरत. तेव्हा घरात सगळे हसायचे. मीही हसायचे.

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरावर लोखंडाच्या दगडाची खाण आहे. तो दगड दळतात, धुतात, चांगला माल ट्रकांत भरून नेतात आणि धुतल्यावर उरतो तो लाल गाळ — पिठासारखा बारीक — पाण्यासकट एका मोठ्या तळ्यात सोडतात. आम्ही त्याला लाल तलाव म्हणतो. तलाव आमच्या डोक्यावर आणि विहिरी त्याच्या पायाशी. तलावाच्या बुडाला काही म्हणजे काही नव्हतं, नुसती माती. आम्ही मागत होतो ते एवढंच — पुढच्या पावसाच्या आत तलावाच्या बुडाला चिकणमातीचं आणि जाड प्लास्टिकचं अस्तर घाला, म्हणजे ते पाणी आमच्या जमिनीत मुरणार नाही. हे मागणं फार होतं का?

हे मागणं उभं केलं मारोतीभाऊंनी. मारोतीभाऊ हातपंप दुरुस्त करणारे. चौथी शिकलेले, हातापायांनी किडकिडीत, बोलायला अडखळणारे. पण पाण्याच्या बाबतीत त्यांच्याएवढा कठोर माणूस मी पाहिला नाही. दर अमावास्येला ते गावातल्या सात विहिरींचं आणि पंपांचं पाणी काचेच्या बाटल्यांत भरत. बाटल्या घरातल्या फळीवर चार दिवस हलवायच्या नाहीत — त्यांची नातवंडंसुद्धा त्या कोपऱ्यात जात नसत. मग तळाला बसलेला गाळ केरसुणीच्या हिरानं मोजायचा आणि जेवढा भरेल तेवढाच तुकडा तोडून बाटलीच्या गळ्याला बांधायचा. वर्षं लोटली तसे ते तुकडे लांब होत गेले. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढे. पण होत गेले. जिल्ह्याहून आलेल्या पाण्याच्या साहेबांनी ती फळी पाहिली तेव्हा त्यांनी एकेका तुकड्याची लांबी वहीत उतरवून घेतली होती.

आणि मी? मी त्यांच्या बाजूची होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे केलं ते वाचून तुम्हाला वाटेल की मी कंपनीची माणूस होते. मी कंपनीचा दुस्वास करत होते. त्यातच सगळं बिनसलं.

जनसुनावणी झाली, शाळेच्या पटांगणात, मांडव घालून. बोलायची पाळी आली तेव्हा मी घरून गुंडी, म्हणजे लहान कळशी, भरून नेली होती, आमच्या विहिरीच्या पाण्याची. पाण्यावर जरा लाली होती, उन्हात धरलं तर दिसायची. मी ती गुंडी कंपनीच्या पर्यावरण साहेबाच्या टेबलावर ठेवली. त्यानं वाकून पाहिलं, माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाला,

"बाई, आधी घरची गुंडी घासत जा. मग पाण्याला नावं ठेवा."

मांडव हसला. सगळा मांडव. अधिकारी हसले, पोलीस हसले, मागं बसलेल्या माझ्या गावच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि माझा नवरा — तो आमच्याकडे घरजावई म्हणून आलेला, दोन शब्दांत उत्तर देणारा, उभ्या जन्मात मोठ्यानं न हसलेला माणूस — तोही हसला. मी गुंडी उचलली आणि घरी आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती पुन्हा खाली उतरलीच नाही. आजही नाही.

माझी भांडी गावात सगळ्यांत लख्ख असतात. लग्नकार्यात लोक माझ्याकडून परात मागून नेतात. त्या साहेबाला हे कुठून ठाऊक असणार? पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात अस्तर राहिलं नाही. विहीर राहिली नाही. लेकरांचं पाणी राहिलं नाही. मला त्याचं तोंड काळं झालेलं पाहायचं होतं, बस. त्याच्या हातात बेड्या, त्याच्यामागं फोटोवाले, आणि मी समोर घासलेली गुंडी घेऊन उभी — भांडी घासताना, धान निंदताना, भाताची पेज काढताना मी हेच चित्र रंगवत बसायचे.

त्यानंतर धानकापणीच्या दिवसांत जिल्ह्याहून माणसं आली, नमुना घ्यायला. शनिवार होता. मोठ्या विहिरीतून मारोतीभाऊंनीच पाणी काढलं आणि सगळ्यांच्या देखत दोन डब्या भरल्या. हो, डब्याच होत्या त्या, प्लास्टिकच्या, आखूड मानेच्या, पण आम्ही बाटली म्हणायचो. एक सरकारी माणसांनी लाखेनं बंद करून नेली. दुसरी ग्रामसभेची. ती सोमवारी आमची माणसं नागपूरला दुसऱ्या प्रयोगशाळेत नेणार होती. दोन्हींचा निकाल जुळला तर अस्तराची शिफारस वर जाईल, असं साहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मी तिथं नव्हते, शेतात होते. मला हे संध्याकाळी नवऱ्यानं सांगितलं. जुळण्याचं त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं नाही — की ऐकलं आणि कानाआड केलं? इतक्या वर्षांनी ते मलाही नीट सांगता येत नाही.

आता ग्रामसभेची बाटली दोन दिवस ठेवायची कुठं? सरपंचाच्या घरी ठेवली तर कंपनीनं फिरवली म्हणतील, मारोतीभाऊंच्या घरी ठेवली तर त्यांनीच काही केलं म्हणतील. आमच्या गावानं आमच्या रीतीनं मार्ग काढला. बाटली मातामायच्या ठाण्यावर ठेवली. तिथं कुणी राखण बसत नाही, बसायची गरजही नसते. पेरणीआधी गावाचं बियाणं आम्ही तिथंच ठेवतो, उघड्यावर, आणि त्या टोपलीला पुजारी कच्च्या सुताची गाठ बांधतो. सात वेढे, आणि शेवटचं टोक आत कुठंतरी गडप. ती गाठ पुजाऱ्यालाच येते. दुसऱ्यानं सोडली तर पुन्हा तशी बांधता येत नाही, म्हणून ती सोडली गेली की गावाला कळतं. तीच गाठ डोमानं — तोच तो चुलतभाऊ, आता मातामायचा पुजारी — बाटलीच्या मानेला बांधली, ऊन लागू नये म्हणून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली आणि सगळे कापणीला निघून गेले.

आणि आता तुम्हाला कळलं असेल.

डोमाच्या आधी माझा बाप पुजारी होता. बापाला मुलगा नव्हता. पुजारीपण भावाच्या घरात जाणार हे त्याला लागलं होतं मनाला. मी दहा-अकरा वर्षांची असताना एका दुपारी त्यानं मला समोर बसवलं, माझ्या पायाच्या अंगठ्याला सूत अडकवलं आणि ती गाठ शिकवली. मुलींना ती शिकवत नाहीत. त्यानं मला मातामायची आण घातली की हे कुणाला दाखवायचं नाही. मी दाखवलं नाही. गावात कुणालाच, डोमालाही, ठाऊक नव्हतं की ती गाठ येणारं माणूस एक नाही, दोन आहेत.

रविवारी सकाळी मी सरपणाला जाते म्हणून डोंगराकडे गेले. लाल तलावाच्या भिंतीखालून एक चर निघतो, त्यातलं पाणी लोट्यात भरलं. घरी लुगड्याचा पदर चौघडी करून तीनदा गाळलं, म्हणजे लाली डोळ्यात भरायला नको. दुपारी गाव शेतात होतं. मी ठाण्यावर गेले. गाठ सोडली. बाटलीतलं निम्मं पाणी तिथल्या कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं आणि लोट्यातलं भरलं. परत गाठ बांधली. सात वेढे. टोक आत. बोटांना सगळं आठवत होतं. हात थरथरले असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल — थरथरले नाहीत. मी खूश होते. परत येताना मी गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतं. वाटलं, आता मर तू. आता घास तू.

सोमवारी डोमा स्वतः नागपूरला गेला, प्रयोगशाळेतल्या लोकांसमोर त्यानं आपल्या हातानं गाठ सोडली आणि छाती फुगवून सांगितलं, गाठ माहीच होती, कोनी हात नाई लावला.

निकाल आले. सरकारी बाटलीच्या निकालात लिहिलं होतं की विहिरीच्या पाण्यात खाणीकडच्या गाळाचा अंश येऊ लागला आहे आणि वाढतो आहे. हेच, अगदी हेच मारोतीभाऊ केरसुणीच्या हिरांनी दाखवत होते. तेवढं पुरलं असतं! माझी बाटली, म्हणजे गावाची बाटली, तशीच राहिली असती तर तिनंही तेच सांगितलं असतं, निकाल जुळला असता आणि अस्तर पडलं असतं. खरंच पुरलं असतं, हे मी कागद वाचून पाहिलं आहे, कित्येकदा. पण गावाच्या बाटलीत गाळ खाली बसवायला कारखान्यात जे औषध टाकतात, ते सापडलं. आणि असं सापडलं की जमिनीतून मुरत आलेल्या पाण्यात ते तसं असूच शकत नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेनं स्पष्ट लिहिलं — हे विहिरीचं पाणी नाही, यात तलावाचं पाणी ओतलं आहे.

तो पर्यावरण साहेब दोन्ही कागद घेऊन ग्रामसभेत आला. या वेळी तो हसला नाही. हळू आवाजात बोलला, जवळजवळ मायेनं. म्हणाला, गावकऱ्यांनी नमुन्यात भेसळ केली, आता जुन्या सगळ्या बाटल्यांवर तरी कुणी का विश्वास ठेवावा? जिल्ह्याच्या साहेबांनी दोन्ही कागद फाइलीला लावले. अस्तराची फाइल तिथंच बंद झाली.

मग गाव एकमेकांकडे पाहू लागलं. गाठ शाबूत होती. डोमानं स्वतः सोडली होती. मातामायची गाठ खोटं बोलत नाही — मग गाठ बांधायच्या आधीच काहीतरी झालं असणार. आणि गाठीआधी बाटली कुणाच्या हातात होती? मारोतीभाऊंच्या. दोन डब्या, एकाच विहिरीवर, सगळ्यांच्या देखत भरलेल्या, तरीही कुणाला तरी आठवलं की दुसरी भरताना भाऊ पाठमोरे होते. कुणाला आठवलं की त्यांच्या पिशवीत एक बाटली आधीपासूनच होती. माणसांना हवं ते आठवतं.

मारोतीभाऊ उभे राहिले. "मी काऊन करीन असं?" एवढंच म्हणाले. "मी काऊन करीन?"

मी बायकांच्या रांगेत चौथी होते. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? गाठ मले येते, एवढं म्हणायला? मी माझ्या हातातल्या बांगड्या मोजत बसले.

गावानं त्यांना पाणी समितीतून काढलं. मातामायच्या ठाण्यावर खोटी वस्तू ठेवली म्हणून दंड लावला — बकरा आणि गावजेवण. त्यांनी हुज्जत घातली नाही. स्वतःच्या घरचा बकरा आणला, सगळ्यांसमोर ठाण्यावर नाक घासलं. ज्या कडुलिंबाच्या बुडाशी मी विहिरीचं खरं पाणी ओतलं होतं, तिथून चार हातांवर. मग पंगती बसल्या. मारोतीभाऊ स्वतः वाढत होते, तशी रीत आहे. माझ्या पत्रावळीपाशी आले, मी रस्सा घेतला. पुन्हा आले, पुन्हा घेतला. मटण चांगलं शिजलं होतं. हे मी लिहिते आहे ना, तुम्हाला माझा राग येत असेल तर तो बरोबर आहे.

गप्प का राहिले? बापाचं नाव जाईल म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पोरीला गाठ शिकवली म्हणून मेलेल्या माणसाला नावं ठेवतील. हे खरं आहे, पण हे कारण नाही. कारण हे आहे की मी बोलले असते तर तो साहेब खरा ठरला असता. घाण पाण्यात नव्हती, त्या बाईच्या गुंडीत होती, हे तो पुन्हा माईकवर म्हणाला असता आणि मांडव पुन्हा हसला असता. ते हसणं दुसऱ्यांदा ऐकण्यापेक्षा मारोतीभाऊंना नाक घासताना पाहणं मला सोपं गेलं.

दुसऱ्या पावसानंतर मोठी विहीर उतरली. म्हणजे पाणी होतं, पण प्यायचं राहिलं नाही. मग खालच्या टोलीतले, म्हणजे खालच्या वस्तीतले, दोन पंप गेले. त्यांच्या दांड्यांना लाल रंग फासला गेला, पिऊ नका म्हणून. आता सकाळी कंपनीचाच टँकर येतो, त्यावर कंपनीचंच नाव असतं, आणि आम्ही गुंड्या घेऊन रांगेत उभ्या राहतो. जमिनीखालचं पाणी एकदा गेलं की धुऊन काढता येत नाही. तो साहेब बढती घेऊन दुसरीकडे गेला म्हणतात. मी त्याला अजून शिव्या देते, रोज, नेमानं. तो मरावा असं मला वाटतं. पण शिवी देताना आताशा मध्येच थांबायला होतं, कारण वाक्याच्या शेवटी कुणाचं नाव घ्यावं हे कळत नाही.

याहून वाईट ते अजून सांगायचं आहे.

एका उन्हाळ्यात मारोतीभाऊ माझ्याकडे आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. माझं दहावीपर्यंत शिक्षण झालंय, म्हणून त्यांनी तो निकालाचा कागद माझ्यापुढे ठेवला, घड्यांवर फाटलेला.

"शेवंताबाई, तू शिकली हायेस. माहं कुठी चुकलं ते पाहून दे ना," म्हणाले. "मी मुद्दाम काई केलो नाई, ते मले माहीत हाये. पन हातून काई झालं असन त? बाटली धुतलो ते पानी कुठलं होतं, मले आता आठवतच नाई."

बघा — खोटेपणाचा आरोप त्या माणसानं पचवला होता. त्याला खात होती ती वेगळीच गोष्ट. त्याला वाटू लागलं होतं की आपलाच हात चुकला आणि त्यापायी गावाचं पाणी गेलं. वर्षानुवर्षं तो स्वतःचीच चूक शोधत हिंडत होता.

मी कागद हातात घेतला. वाचल्यासारखं केलं. आणि म्हणाले, "होऊ शकते भाऊ. बाटली धुताना काई राह्यलं असन."

त्यांनी मान हलवली. त्यांना जरा हलकं वाटलं असावं, मला तर खरंच तसं दिसलं. शोधत होते ते मिळालं ना त्यांना! त्यानंतर त्यांनी फळीवरच्या सगळ्या बाटल्या काढून टाकल्या, हिरांच्या तुकड्यांसकट. हातपंपाची कामंही सोडली. कुणी बोलावलं तर म्हणतात, माह्या हाताचं काई खरं नाई.

मागच्या महिन्यात ग्रामसभा झाली. खाण वाढणार आहे आणि डोंगराच्या पलीकडे दुसरा तलाव होणार आहे. तिकडच्या तीन गावांच्या विहिरी अजून चांगल्या आहेत. या वेळी आधीपासून नोंदी ठेवायच्या, असं जिल्ह्याच्या नव्या साहेबांनी सांगितलं. गावातलं एक भरवशाचं माणूस हवं, दर महिन्याला त्या विहिरींचे नमुने घ्यायला. सरपंचांनी जुनं सगळं विसरून मारोतीभाऊंचं नाव काढलं. काही लोकांनी माना डोलावल्या. भाऊ मागच्या खांबाला टेकून बसले होते. ते घाबरून उभे राहिले, दोन्ही हात हलवत नको नको म्हणाले.

"मले नोका देऊ. मी पुन्हा चुकीन. शेवंताबाईले द्या. माह्या जागी तिच्यावरच मले भरोसा हाये."

सगळ्यांनी मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि हो म्हटलं.